सांगणाऱ्यांचे नाव

आमच्या शाळेच्या ग्रंथालयात, दाराजवळच्या लोखंडी कपाटात, निळ्या कापडी पुठ्ठ्याची एक जाड वही आहे. वसतिगृहातील मुलामुलींनी दोन पावसाळ्यांत मिळून ती तयार केली. शाळेमागचा उतार, ओढ्याचा काठ आणि मुलांच्या गावांकडील माळराने येथून आणलेल्या वनस्पती वर्तमानपत्रात दाबून, वाळवून, सुईदोऱ्याने पानांवर टाचलेल्या आहेत. प्रत्येक पानाखाली आम्ही शिक्षकांनी आखून दिलेले चार रकाने आहेत : स्थानिक नाव, शास्त्रीय नाव, कुळ आणि उपयोग. वही देखणी झाली. विज्ञान प्रदर्शनात तिला बक्षीसही मिळाले.

त्यानंतरच्या पालकसभेला एका मुलीची आजी आली होती. नातीने मोठ्या हौसेने आजीपुढे वही उघडली. आजीला अक्षर येत नव्हते, परंतु प्रत्येक पान पाहताच ती वनस्पतीचे नाव सांगत होती. वाळून तपकिरी झालेली, चुरगळलेली पानेही तिने ओळखली. भारंगीच्या पानावर ती थांबली आणि नातीला म्हणाली, "हे तर मीच दाखवलं होतं तुला. इथं काय काय लिहिलंय?" नातीने चारही रकाने वाचून दाखवले. आजीने ऐकून घेतले आणि सहज विचारले, "आणि मी सांगितलं, ते कुठं लिहिलंय?"

ते कोठेही लिहिलेले नव्हते. तसा रकानाच आम्ही आखला नव्हता.

प्रश्नात राग नव्हता. आजीने पुढचे पान उलटले आणि विषय तेथेच संपला. आम्हा शिक्षकांच्या मनातून मात्र तो गेला नाही. या स्मरणिकेसाठी काही अभ्यासपर लिहावे असे ठरले, तेव्हा याच प्रश्नाचा मागोवा घ्यावा असे आम्हांला वाटले.

पाली वाङ्मयात कृतज्ञतेसाठी दोन शब्द जोडीने येतात : कतञ्ञू आणि कतवेदी. पहिल्याचा अर्थ सोपा आहे, आपल्यासाठी कोणी काय केले हे जो जाणतो तो. दुसऱ्या शब्दाकडे आपले लक्ष कमी जाते. केलेले उपकार जो प्रकट करतो, वाणीने व वर्तनाने इतरांना कळू देतो, तो कतवेदी. अंगुत्तर निकायात जगात दुर्मीळ असणाऱ्या दोन प्रकारच्या व्यक्ती सांगितल्या आहेत. आपण होऊन प्रथम उपकार करणारी ही त्यांतील एक, आणि कतञ्ञू-कतवेदी असणारी ही दुसरी. मनातल्या मनात ऋण मानणे हे अर्धेच काम होय. आजीचे ऋण आम्ही जाणत होतो, पण ते कोणाला कळू दिले नव्हते. त्या निळ्या वहीत आम्ही फार तर कतञ्ञू होतो.

वनस्पतींच्या ज्ञानाची गोष्ट निघाली की आपल्याकडे जीवकाची आठवण हमखास होते. विनयपिटकाच्या महावग्गात ती कथा आहे. राजगृहाचा जीवक तक्षशिलेला एका विख्यात वैद्याकडे सात वर्षे शिकला. शिक्षण संपले की नाही हे त्याला कळेना, म्हणून त्याने गुरूंना विचारले. गुरूंनी त्याच्या हाती कुदळ दिली. तक्षशिलेच्या सभोवार एक योजनापर्यंत फिर आणि औषधी नसलेली जी वनस्पती दिसेल ती घेऊन ये, असे सांगितले. जीवक फिरला आणि रिकाम्या हाताने परतला. औषधी नाही असे काहीच त्याला सापडले नाही. गुरूंनी सांगितले की त्याचे शिक्षण पूर्ण झाले, आणि वाटखर्चासाठी थोडे द्रव्य देऊन त्याला निरोप दिला.

ही कथा आम्ही वर्गात अनेकदा सांगितली आहे. तिच्यातील एक गोष्ट मात्र या लेखाच्या निमित्तानेच आमच्या ध्यानात आली. जीवकाचे नाव अडीच हजार वर्षे टिकले, पण त्याला वनस्पती ओळखायला शिकवणाऱ्या त्या आचार्यांचे नाव महावग्गात येत नाही. दिशादिशांत ख्याती असलेला वैद्य, एवढेच त्यांचे वर्णन आहे. गुरूंची ही स्थिती, तर ज्या गुराख्यांनी, लाकूडतोड्यांनी आणि मुळ्या खणणाऱ्या बायांनी त्या गुरूंना झाडपाला दाखवला असेल, त्यांची दखल कोण घेणार?

त्याच महावग्गात भिक्खूंना आजारपणात कोणती औषधे घेता येतील याची यादी आहे. मुळांमध्ये हळद, आले, वेखंड, वाळा व नागरमोथा, पानांमध्ये कडुनिंब, कुडा व तुळस, फळांमध्ये हिरडा, बेहडा, आवळा, पिंपळी व मिरे. आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी यांतील निम्मे पदार्थ आजही आजीच्या डब्यात असतील. ही यादी राजवैद्यांच्या कोठीतली नव्हे, सर्वसामान्य माणसाला परिचित असलेल्या झाडपाल्याची आहे. भिक्खू गावोगाव फिरत आणि गावाकडे जे होते तेच घेत. सांगणारे लोक त्या यादीमागे उभे आहेत, परंतु ते दिसत नाहीत.

ते सहसा दिसत नाहीत. म्हणूनच एका ग्रंथाची हकिगत येथे विस्ताराने सांगावीशी वाटते, कारण त्यात सांगणाऱ्याचे नाव छापले गेले. त्या ग्रंथाचे नाव 'हॉर्टस मलबारिकस', म्हणजे मलबारची बाग.

इसवी सनाच्या सतराव्या शतकात, १६७० च्या दशकात, हेंड्रिक व्हान ऱ्हीडे हा डच ईस्ट इंडिया कंपनीचा मलबारमधील प्रमुख होता आणि कोचीन येथे राहत होता. कंपनीच्या रुग्णालयांसाठी औषधे युरोपातून जहाजाने येत आणि पोहोचेपर्यंत बहुधा निकामी होत. आपल्या भोवतालचा प्रदेश औषधी वनस्पतींनी भरलेला आहे आणि येथील लोक त्या जाणतात, हे ऱ्हीडेने पाहिले. मलबारच्या वनस्पतींचा सचित्र ग्रंथ सिद्ध करण्याचे काम त्याने हाती घेतले. वनस्पती गोळा करणारे, चित्रे काढणारे, भाषांतर करणारे आणि लॅटिनमध्ये लिहिणारे अशी मोठी मंडळी कामाला लागली. १६७८ ते १६९३ या काळात अ‍ॅम्स्टरडॅम येथे त्याचे बारा खंड प्रसिद्ध झाले. त्यांत ७४२ वनस्पतींचे वर्णन आहे. पुढे स्वीडनच्या कार्ल लिनीयसने वनस्पतींना शास्त्रीय नावे देण्याची जी पद्धत रूढ केली, तिच्यासाठी भारतीय वनस्पतींची माहिती त्याने मोठ्या प्रमाणात याच ग्रंथातून घेतली.

परंतु ऱ्हीडेला हे सर्व सांगितले कोणी? पहिल्या खंडाच्या आरंभीच त्याचे उत्तर आहे. तेथे काही प्रमाणपत्रे छापलेली आहेत. त्यांतील एक इट्टी अच्युतन या वैद्याचे आहे. तो चेरतलजवळच्या कडक्करप्पळ्ळी गावच्या कोल्लाट घराण्यातला. घराण्यात परंपरेने वैद्यकी चालत आलेली. १६७५ सालच्या त्या प्रमाणपत्रात त्याने स्वतःच्या लिपीत, स्वतःच्या भाषेत नोंदवले आहे की, मलबारच्या झाडांची, वेलींची व झुडपांची नावे आणि त्यांचे गुण आपल्या घराण्याच्या पोथीवरून व दीर्घ अनुभवावरून आपण सांगितले. त्याने सांगितलेले एमॅन्युएल कार्नेरो या दुभाष्याने पोर्तुगीज भाषेत उतरवले आणि तेथून ते लॅटिनपर्यंत पोहोचले.

इट्टी अच्युतन ईळवा समाजातला होता, हे आमच्या वाचकांनी मुद्दाम ध्यानात ठेवावे. त्या काळच्या केरळात ईळवा अवर्ण गणले जात. मंदिरात प्रवेश नाही, मंदिरालगतच्या रस्त्यावरून जाण्यास मज्जाव, उच्चवर्णीयांपासून किती पावले दूर राहायचे याचे नियम ठरलेले. आणि याच समाजातील एका वैद्याच्या घरी अशी पोथी होती की तिच्या आधारे युरोपातील वनस्पतिशास्त्राचा एक पायाभूत ग्रंथ उभा राहिला. ज्यांना शिकण्याचा अधिकार नाही असे म्हटले गेले, त्यांच्या घरात विद्या होती, एवढेच नव्हे तर ती लिहिलेली होती.

दुसरे प्रमाणपत्र तीन कोकणी वैद्यांचे आहे : रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट. गोव्याकडून स्थलांतर करून कोचीनला स्थायिक झालेल्या कोकणी समाजातील हे वैद्य. आपल्या निघंटूच्या आधारे आपण या कामी साह्य केले, असे ते लिहितात. त्यांचे प्रमाणपत्र नागरी लिपीत छापलेले आहे आणि ग्रंथातील चित्रांवर मल्याळम व अरबी नावांच्या जोडीने कोकणी नावेही नागरी अक्षरांत आहेत. आपण ज्या लिपीत हा लेख वाचत आहात, ती युरोपात छापली गेल्याच्या अगदी आरंभीच्या नमुन्यांपैकी हा एक. तोही वनस्पतींच्या नावांच्या निमित्ताने.

अवर्ण वैद्य आणि ब्राह्मण वैद्य यांची नावे एकाच ग्रंथाच्या एकाच खंडात सन्मानाने छापली जावीत, ही त्या शतकातली साधी गोष्ट नव्हती. ऱ्हीडेला आम्ही संत ठरवू इच्छित नाही. तो व्यापारी कंपनीचा अधिकारी होता आणि कंपनी येथे मिरी नेण्यासाठी आली होती. शिवाय उंच झाडांवर चढून ज्यांनी फुले-फळे काढून आणली, ते सारे निनावीच राहिले. तरीही जे त्याने केले ते केले. त्याच्या आधी आणि नंतरही कित्येक विद्वानांना एवढे सुचले नाही. पर्यावरणाचा इतिहास लिहिणाऱ्या रिचर्ड ग्रोव्हने तर असे प्रतिपादन केले की, या ग्रंथातील माहितीच नव्हे, वनस्पतींची एकमेकींशी नाती जोडण्याची पद्धतही मुख्यतः ईळवा वैद्यांच्या ज्ञानावर उभी आहे.

पुढे ब्लूमे या शास्त्रज्ञाने एका वनस्पती-प्रजातीला अच्युतनच्या नावावरून 'अचुडेमिया' असे नाव दिले. आपल्या ताटापर्यंत आलेल्या नावांचेही मूळ याच ग्रंथात आहे. मायाळूची भजी आपण खातो. त्या मायाळूचे शास्त्रीय नाव 'बॅसेला' हे मल्याळी नावावरून आले आहे. डहाणू-घोलवडचा चिकू मूळचा अमेरिकेचा, परंतु शास्त्रात तो ज्या 'मनिलकारा' या प्रजातीत मोडतो तिचे नाव मलबारच्या एका झाडाच्या स्थानिक नावावरून घेतलेले आहे. शास्त्रीय नाव म्हणजे परक्यांची भाषा, असे मुलांना वाटते. त्या नावांत आपल्याच लोकांचे शब्द दडलेले आहेत, हे कळल्यावर त्यांचे डोळे कसे लकाकतात ते आम्ही पाहिले आहे.

ऱ्हीडे १६९१ साली समुद्रप्रवासात वारला. सुरतेच्या डच दफनभूमीत त्याची भव्य कबर आहे. अच्युतनच्या गावाला मात्र पुढील दोनशे वर्षांत काय मिळाले? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डॉ. पल्पू हे ईळवा समाजातील तरुण मद्रासहून वैद्यकीची पदवी घेऊन आले. त्रावणकोर संस्थानाने त्यांना जातीमुळे वैद्यकीय सेवेत घेतले नाही. त्यांना म्हैसूर संस्थानात नोकरी करावी लागली. ज्या समाजाच्या वैद्याचे ज्ञान युरोपातील विद्यापीठांत अभ्यासले जात होते, त्या समाजाचा डॉक्टर स्वतःच्या संस्थानात नाडी तपासण्यास अपात्र ठरला. १९२४ चा वायकोम सत्याग्रह झाला तो रस्त्यावरून चालण्याच्या अधिकारासाठी. चेरतल आणि वायकोम यांच्यामध्ये वेंबनाड सरोवराचे पाणी तेवढे आहे. नाव छापले जाणे आणि माणूस म्हणून मान मिळणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिलीने दुसरी आपोआप येत नाही, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

आणि तरीही नाव छापलेले होते, म्हणूनच ते पुन्हा सापडू शकले. कालिकत विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ के. एस. मणिलाल यांनी आयुष्याची कित्येक दशके या एका ग्रंथाला वाहिली. त्यातील वनस्पती पुन्हा रानावनांत शोधल्या, लॅटिन मजकूर इंग्रजीत आणला, मग मल्याळममध्येही आणला. इंग्रजी आवृत्ती २००३ मध्ये केरळ विद्यापीठाने प्रसिद्ध केली. सव्वातीनशे वर्षांनी ते ज्ञान ज्यांचे होते त्यांच्या भाषेत परत गेले. मणिलाल यांना २०२० साली पद्मश्री मिळाली. कतवेदी या शब्दाचा अर्थ आता आम्ही मुलांना समजावतो तेव्हा त्यांचे उदाहरण देतो.

नोंद असण्याचे महत्त्व हळदीच्या प्रकरणाने सर्वांनाच शिकवले. जखमेवर हळद लावण्याच्या उपयोगावर १९९५ मध्ये अमेरिकेत पेटंट दिले गेले होते. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असलेल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. पण ते रद्द करण्यासाठी जुने लिखित पुरावे सादर करावे लागले. आपल्या आयांनी आपल्या गुडघ्यांना लावलेली हळद तेथे पुरावा म्हणून चालली नसती.

केरळातच घडलेले दुसरे उदाहरण अधिक गुंतागुंतीचे आहे. १९८७ मध्ये काही शास्त्रज्ञ अगस्त्य पर्वताच्या रानात फिरत होते. सोबतचे काणी आदिवासी वाटाडे थकत कसे नाहीत, याचे त्यांना नवल वाटले. ते वाटेत कसलीशी लहान फळे खात होते. प्रथम त्यांनी नाव सांगण्यास नकार दिला, कारण ते त्यांच्या जमातीचे राखलेले ज्ञान होते. अखेरीस विश्वास वाटल्यावर त्यांनी 'आरोग्यपच्च' ही वनस्पती दाखवली. तिच्यापासून 'जीवनी' नावाचे औषध तयार झाले. ते बनवण्याचा परवाना एका कंपनीला दिला, तेव्हा परवाना शुल्काचा आणि पुढील स्वामित्वधनाचा अर्धा वाटा काणी समाजाला देण्याचे ठरले व त्यासाठी १९९७ मध्ये त्यांचा विश्वस्त निधी स्थापन झाला. मल्लन काणी आणि कुट्टिमाथन काणी ही वाटाड्यांची नावे आज सर्वत्र नोंदलेली आहेत. जगभर या व्यवहाराचे कौतुक झाले. पण काणींमधील काही वडीलधाऱ्या वैदूंनी विचारले की, सर्वांचे ज्ञान दोघातिघांनी का दिले, आम्हांला कोणी विचारले? त्यांचे म्हणणेही खोटे नव्हते. ऋण कोणाचे मानायचे, एकाचे की साऱ्या जमातीचे, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. आमच्यापाशीही त्याचे पक्के उत्तर नाही. विचारल्याशिवाय घ्यायचे नाही, एवढे आम्ही त्यावरून शिकलो.

आता पुन्हा आमच्या शाळेमागच्या उताराकडे येऊ. येथे जे ज्ञान आहे ते नेमके कसले, हे सांगितले नाही तर त्याचे ऋण का मानायचे हेही कळणार नाही. वनस्पतीचे नाव सांगणे हा त्याचा सर्वांत लहान भाग.

शेवळ्याचे उदाहरण घ्या. पहिल्या पावसात जमिनीतून त्याचा कोंब वर येतो. भाजी चविष्ट, परंतु नीट न केल्यास घशाला अशी खाज सुटते की पुन्हा कोणी नाव काढणार नाही. आतला पिवळा भाग काढून टाकायचा आणि शिजवताना काकडाची आंबट फळे, ती नसल्यास चिंच किंवा आमसूल घालायचे. काकडाचे झाड नेमके त्याच दिवसांत फळते. हे दोन्ही एकत्र रांधायचे, हे प्रथम ज्या बाईला सुचले तिने किती वेळा घसा खाजवून घेतला असेल! फोडशीतला कडक दांडा काढावा लागतो. टाकळा कोवळा असतानाच खुडावा लागतो, चार दिवस उशीर झाला की तो उग्र होतो. कुड्याच्या फुलांची भाजी करायची तर पांढरा कुडा आणि काळा कुडा ओळखता आले पाहिजेत. फुलावर नसताना दोन्ही नवख्याला सारखेच दिसतात.

करटोल्याबद्दल आम्हांला वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातील मावशींनी जे सांगितले ते आमच्यातील विज्ञान शिक्षकांनाही नीटसे ठाऊक नव्हते. वेल नर आणि मादी असा वेगळा असतो, फळ मादी वेलालाच धरते, पण आसपास नर वेल नसेल तर तेही धरत नाही. वेल पावसाळ्यानंतर सुकून जातो, कंद मात्र जमिनीत जिवंत राहतो आणि पुढच्या पावसात पुन्हा फुटतो. म्हणून फळ तोडावे, कंद खणू नये. पुढे आम्ही पुस्तक उघडले. वनस्पतीच्या शास्त्रीय नावातला 'डायोइका' हा शब्द म्हणजे 'दोन घरांची'. नर एका घरी, मादी दुसऱ्या घरी. मावशींचे वाक्य आणि लॅटिन नाव यांत तसूभर अंतर नव्हते. मावशींना आम्ही हे सांगितले तेव्हा त्या हसल्या आणि म्हणाल्या, "मग एवढं मोठं नाव कशाला ठेवलं?"

एक इशारा येथेच द्यायला हवा. ही माहिती वाचून कोणी रानात जाऊन भाजी खुडू नये. कळलावीचे फूल सुंदर दिसते, तिचा कंद जीवघेणा आहे. चित्रावरून ओळखणे निराळे आणि जाणत्या माणसासोबत दहा पावसाळे फिरून ओळखणे निराळे. या ज्ञानात सांगणारा माणूस गाळता येत नाही, तो याच कारणाने.

आणि तो माणूस नेमका आता गळत चालला आहे. त्याचे एक कारण आमच्या वर्गातच आम्हांला सापडले. घरी कोणत्या रानभाज्या होतात, असे विचारल्यावर पहिल्या दिवशी एकाही मुलाने हात वर केला नाही. नंतर एक मुलगा हळूच म्हणाला, "सर, ती गरिबांची भाजी." कुर्डू, पाथरी, घोळ, तांदुळजा यांवर ज्या घरांनी दुष्काळ काढले, त्या घरांतील मुलांना त्यांची नावे उच्चारायला लाज वाटत होती. या लाजेत आमचाही हात आहे, हे मान्य केले पाहिजे. मुलांना गावातून शाळेत आणताना, पुस्तकात आहे तेवढेच ज्ञान असा त्यांचा समज आम्ही कळत-नकळत करून दिला. शिक्षणाने माणूस उभा राहतो, यावर आमची श्रद्धा आहे. परंतु उभे राहताना ज्या खांद्यांचा आधार घेतला त्यांच्याकडे पाठ फिरवायला आम्ही शिकवायला नको होते.

अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांची ध्वनिचित्रफीत आम्ही पुढच्या आठवड्यात मुलांना दाखवली. महादेव कोळी समाजातील राहीबाई कधी शाळेत गेल्या नाहीत. देशी वाणांचे बियाणे त्यांनी मडक्यांत राखून जपले, वाढवले, वाटले आणि बियाण्यांची बँक उभी केली. त्यांच्या नावापुढे २०२० साली पद्मश्री लागली. चित्रफीत संपल्यावर तोच मुलगा म्हणाला, "माझी आजीपण अशीच बोलते." दुसऱ्या दिवशी हात वर करणाऱ्यांची संख्या मोजावी लागली.

कायद्यानेही या ज्ञानाची दखल घेतली आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन करावी आणि लोक जैवविविधता नोंदवही तयार करावी, अशी तरतूद आहे. या नोंदवहीमागील विचाराला आकार देणाऱ्यांत पुण्याचे डॉ. माधव गाडगीळ अग्रणी होते. जाणकार व्यक्तींची नावे नोंदवण्याची सोय तिच्यात आहे. म्हणजे जो रकाना आम्ही विसरलो, तो तेथे आधीपासून होता! आपल्या गावची नोंदवही ग्रामपंचायतीत आहे का, आणि असल्यास तिच्यात कोणाची नावे आहेत, हे आमच्या माजी विद्यार्थ्यांनी एकदा जाऊन पाहावे. कित्येक ठिकाणी ती घाईघाईने, गावातल्या कोणालाही न विचारता भरलेली असते, असे अनेकांकडून ऐकायला मिळते.

गेल्या पावसाळ्यापासून शाळेत दुसरी वही सुरू झाली आहे. तिला पाच रकाने आहेत. पाचवा 'कोणी सांगितले, कोठे, कधी' असा आहे. तो भरल्याशिवाय नोंद पुरी मानायची नाही, असा नियम मुलांनीच केला. सांगणाऱ्याला आधी विचारायचे की, तुमचे नाव लिहू का? बहुतेकांनी होकार दिला. काहींनी स्वतःऐवजी आईचे किंवा सासूचे नाव लिहायला लावले, कारण त्यांना ते तिने शिकवले होते. एका आजोबांनी एक मुळी दाखवली, तिचा उपयोग सांगितला आणि मग म्हणाले, "हे मात्र लिहू नका, पोरं उपटून नेतील." त्या पानावर मुलांनी फक्त आजोबांचे नाव आणि तारीख लिहिली आहे. वनस्पतीची जागा कोरी आहे. आमच्या मते दोन्ही वह्यांतील सर्वांत प्रामाणिक पान तेच.

भारंगीची नोंद नव्या वहीत पहिल्याच पानावर घेतली. नातीने ती आजीला वाचून दाखवली तेव्हा आजीने नावावर बोट ठेवून विचारले, "यातलं माझं नाव कुठून कुठपर्यंत?" नातीने बोटाखाली रेघ ओढून दाखवली.

जुन्या निळ्या वहीत एकूण त्रेसष्ट नोंदी आहेत. त्या ज्यांनी आणल्या ते विद्यार्थी आता पुण्या-मुंबईत, नागपुरात, काही परदेशात आहेत. आम्ही त्यांच्याशी संपर्क साधून बावन्न नोंदींपुढे सांगणाऱ्यांची नावे भरून घेतली आहेत. पुढील अकरा अजून रिकाम्या आहेत : आघाडा, कुर्डू, पाथरी, दिंडा, करंज, निरगुडी, बेहडा, नागरमोथा, गुळवेल, उंबर आणि काळा कुडा. या पानांवरील अक्षर आपले असल्याचे ज्यांना आठवत असेल त्यांनी, ती वनस्पती आपल्याला कोणी दाखवली, त्यांचे पूर्ण नाव व गाव शाळेच्या पत्त्यावर कळवावे. त्या व्यक्ती हयात असतील, तर कृपया आधी त्यांना विचारून घ्यावे.